बातमी संपल्यावर कोण थांबतं? अनिल अवचटांचं लेखन आणि आपला जिल्हा



१५ ऑगस्ट १९७२ रोजी पुण्याच्या 'साधना' साप्ताहिकाचा विशेषांक निघाला. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली होती. बाकीच्या अंकांतून गौरवाचे लेख येत होते. साने गुरुजींनी सुरू केलेल्या 'साधना'नं मात्र तो अंक दलितांच्या आणि वंचितांच्या प्रश्नांना दिला. त्यात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख होता. राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर तीनशे रुपये दंड आणि दलित बाईची अब्रू भर रस्त्यात घेतली तर पन्नास रुपये, हा हिशेब ढाल्यांनी वाचकाच्या तोंडावर फेकला. त्यासाठी त्यांनी वापरलेले शब्द इतके जळते होते की महाराष्ट्रभर गदारोळ झाला. निषेध झाले. दुर्गा भागवतांसारख्या स्वतंत्र बाण्याच्या लेखिकेनंही त्या भाषेवर आक्षेप घेतला. दलित पँथर ही संघटना त्याच वर्षी जन्मली होती. तिचं नाव घराघरांत पोचलं ते या लेखामुळे.

त्या संतापामागे एका गावाचं नाव होतं : ब्राह्मणगाव, जिल्हा परभणी. त्या वर्षी तिथे पाण्याच्या कारणावरून दोन दलित बायकांची नग्न धिंड काढली गेली होती. दलित चळवळीच्या इतिहासात आपल्या जिल्ह्याचं नाव आहे ते असं. त्याच वर्षी, मे महिन्यात, आपलं कृषी विद्यापीठ स्थापन झालं. त्याच्या वर्धापनदिनाला आपण दरवर्षी जमतो. ब्राह्मणगावचा उल्लेख मात्र मी या शहरातल्या सभांमध्ये फार ऐकलेला नाही.

'साधना'चे संपादक तेव्हा यदुनाथ थत्ते होते, पण या विशेषांकाचं संपादन त्यांनी एका तरुण डॉक्टरवर सोपवलं होतं. वयाची अठ्ठावीस वर्षंही पुरी न झालेला, दाढीवाला, दवाखाना न चालवणारा हा डॉक्टर म्हणजे अनिल अवचट. आजचा माझा विषय हाच माणूस. पुण्याच्या लेखकावर परभणीत व्याख्यान कशाला, असं आयोजकांपैकी एकानं मला फोनवर अगदी प्रेमानं विचारलं होतं. त्यांना उत्तर देताच आलं नाही, म्हणून तासाभराचं व्याख्यान तयार केलं.

अवचटांचा जन्म २६ ऑगस्ट १९४४चा, जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचा. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून ते डॉक्टर झाले. तिथेच भेटलेल्या सुनंदाशी लग्न केलं. पहिलं पुस्तक 'पूर्णिया' १९६९ साली आलं. बिहारच्या पूर्णिया जिल्ह्यात जाऊन, तिथलं दारिद्र्य डोळ्यांनी बघून लिहिलेलं. हिंदी वाचणाऱ्यांना हा जिल्हा फणीश्वरनाथ रेणूंच्या 'मैला आँचल'मधून आधीच माहीत होता. रेणू तिथल्या मातीतले, त्यांनी कादंबरी लिहिली. अवचट बाहेरून गेलेले, त्यांनी जे दिसलं ते लिहिलं. घरचा माणूस कादंबरी लिहितो आणि परका माणूस वृत्तांत लिहितो, ही विभागणी जरा लक्षात ठेवा. आपल्या जिल्ह्यापर्यंत आल्यावर तिचाच विचार करायचा आहे.

पूर्णियानंतर पन्नासेक वर्षं ते लिहीत राहिले. 'माणसं', 'संभ्रम', 'वाघ्या मुरळी', 'कोंडमारा', 'धागे आडवे उभे', 'धार्मिक', 'कार्यरत', 'प्रश्न आणि प्रश्न'. ही यादी मी पाठ म्हणतोय, कारण आमच्या पिढीच्या अनेक घरांत ती तशीच कपाटात लावलेली असायची. हमीद दलवाईंवर 'हमीद' लिहिलं. व्यसनांवर 'गर्द' लिहिलं. लहान मुलांसाठी लिहिलेल्या 'सृष्टीत गोष्टीत'ला २०१० साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. २७ जानेवारी २०२२ रोजी ते गेले. मोठ्यांसाठी त्यांनी कथा-कादंबरी लिहिली नाही. आपल्याकडे कथा-कादंबरी न लिहिणाऱ्याला लेखक म्हणताना अजूनही जीभ अडखळते. अवचटांना लोक आधी, त्यांच्या व्यसनमुक्ती केंद्रावरून, 'मुक्तांगणवाले' म्हणतात, मग 'ते ओरिगामी करायचे', मग बासरी, मग लाकडातली शिल्पं, आणि शेवटी कधीतरी 'लिहायचेही छान'.

मला त्यांच्या लिहिण्याच्या धंद्याविषयी बोलायचं आहे. धंदा हा शब्द मुद्दाम वापरतो. कारण अमेरिकेत याच प्रकारच्या लेखनाला एक पेशा म्हणून उभं राहता आलं. मासिक लेखकाला विषय देतं, महिनोन्‌महिने पगार किंवा मानधन देतं, प्रवासाचा खर्च देतं, त्यानं लिहिलेलं तपासायला माणसं ठेवतं, मग पंधरा-वीस हजार शब्दांचा लेख छापतं, आणि त्याचं पुढे पुस्तक होतं. अशी तिथल्या लेखकांची आयुष्यं गेली. तरी तिथेही सगळं सुरळीत होतं असं समजू नका. परभणीच्या श्रोत्यांना यातली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती कापसाची आहे.

१९३६च्या उन्हाळ्यात 'फॉर्च्यून' या उद्योगपतींच्या चकचकीत मासिकानं जेम्स एजी हा लेखक आणि वॉकर इव्हान्स हा छायाचित्रकार अशा दोघांना अलाबामा राज्यात पाठवलं. कापूस पिकवणाऱ्या कुळांवर लेख हवा होता. हे शेतकरी दुसऱ्याच्या जमिनीवर बटईनं कापूस लावायचे. बी-बियाणं, खत, घर, सगळं मालकाचं. हंगामाच्या शेवटी पिकाची वाटणी आणि वर्षभराच्या उचलीची वजावट झाली की हातात जवळजवळ काही उरायचं नाही. पाथरी-मानवतच्या श्रोत्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. एजी तिथल्या तीन कुटुंबांत वावरला. त्यांच्या घरातल्या भांड्यांपासून कपड्यांपर्यंत एकेका वस्तूची नोंद घेतली. त्यानं जे लिहून आणलं ते मासिकाला झेपलं नाही. लेख छापलाच गेला नाही. १९४१ साली त्याचं पुस्तक निघालं. पहिल्या खेपेला जेमतेम सहाशे प्रती खपल्या. एजी १९५५ साली वारला, आणि १९६० साली पुस्तक पुन्हा छापलं गेलं तेव्हा कुठे लोकांना कळलं की आपल्यात काय लिहिलं गेलं होतं.

या गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पन्नासेक वर्षांनी डेल महारिज नावाचा पत्रकार एका छायाचित्रकार मित्राला घेऊन त्याच कुटुंबांच्या मुला-नातवंडांना शोधत गेला. त्यांच्या पुस्तकाला १९९० साली पुलित्झर पारितोषिक मिळालं. आणि लक्षात काय आलं? त्या घरांतल्या काही जणांच्या मनात त्या जुन्या, आता जगप्रसिद्ध झालेल्या पुस्तकाविषयी राग होता. एजीनं पुस्तकात त्यांची नावं बदलली होती, तरी राग होताच. आपली गरिबी, आपले मळके कपडे, आपली उघडी पोरं साऱ्या देशाला दाखवली. आणि दाखवणारे निघून गेले.

अवचटांच्या मागे 'फॉर्च्यून' नव्हतं. त्यांच्या मागे होतं पुण्यातलं 'माणूस'. श्री. ग. माजगावकरांनी १९६१ साली सुरू केलेलं हे नियतकालिक एका अर्थानं मराठीतलं वृत्तांतलेखनाचं विद्यापीठ होतं. वि. ग. कानिटकरांनी नाझी जर्मनीचा इतिहास तिथे क्रमशः लिहिला, अरुण साधूंनी चीनच्या क्रांतीवर लिहिलं. वाचक आठवडा-आठवडा वाट बघत. ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते त्या मास्तरांच्या घरीही 'माणूस' टपालानं यायचा, असं मला त्यांच्या घरच्यांनी सांगितलं. परभणीत बसून पंधरा-वीस पानांचा एक लेख वाचायचा आणि त्यावर आठ दिवस वाद घालायचा, ही चैन त्या काळच्या मास्तरांना परवडत होती. 'माणूस', 'साधना' आणि दिवाळी अंक, एवढ्या जागेवर अवचटांचं सगळं लेखन उभं राहिलं.

जागा होती, पैसे नव्हते. मराठी साप्ताहिकाच्या मानधनात घर चालत नाही. तेव्हाही नाही, आज तर विचारूच नका. घर चालवलं सुनंदाबाईंनी. त्या मानसोपचारतज्ज्ञ, येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरीला. नवरा गावोगाव हिंडतोय, हमालांबरोबर बसतोय, आठवडाभरानं दाढी वाढवून परत येतोय, आणि बायको पगार आणतेय. अवचटांनी हे कधी लपवलं नाही. उलट पुन्हा पुन्हा लिहिलं. मराठीतल्या या मोठ्या वृत्तांतलेखनाचा खर्च एका सरकारी डॉक्टरबाईच्या पगारातून झाला, असं मी म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही. सुनंदाबाई १९९७ साली कॅन्सरनं गेल्या. त्यांच्या नावानं वाङ्मयाच्या इतिहासात एक ओळ असायला हवी.

आता लिहिण्याच्या रीतीकडे येतो. अवचटांचे विषय बघा : पुण्यातले हमाल, सांगलीचे हळद कामगार, निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायका, यंत्रमागावरचे विणकर, जेजुरीच्या मुरळ्या, बुवा-बाबांच्या नादी लागलेले शहाणेसुरते लोक. यातल्या एकाही विषयाचे ते जाणकार नव्हते, आणि ते तसं सांगूनच सुरुवात करायचे. मला यातलं काही कळत नाही, तुम्हीच सांगा. या एका वाक्यानं समोरचा माणूस मोकळा होतो. सगळं माहीत असलेल्या माणसाला कोण कशाला सांगेल? मग प्रश्न सुरू. सकाळी किती वाजता येता? पोतं किती किलोचं? दिवसाला किती? हिशेब कोण ठेवतं? आजारी पडलात तर? हे प्रश्न इतके साधे की वार्ताहराला ते विचारायची लाज वाटते. पण मजुरीचा हिशेब कागदावर उतरला की शोषण हा शब्द वापरावा लागत नाही. अवचटांनी तो शब्द फार कमी वापरला.

भाषाही तशीच. छोटी वाक्यं, बोलीतली क्रियापदं, विशेषणांची जवळजवळ बंदी. आमच्या कॉलेजच्या दिवसांत मराठवाड्यातले आम्ही पोरं पुस्तकी मराठी लिहायला धडपडत होतो. हॉस्टेलला 'माणसं' हातात पडलं आणि पहिली प्रतिक्रिया अशी झाली की हे तर कुणालाही लिहिता येईल! नंतर लिहून बघितलं, तेव्हा कळलं. समोर रडणाऱ्या बाईबद्दल लिहिताना स्वतः न रडणं ही या लेखनातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. अवचटांना ती डॉक्टरकीनं शिकवली असावी, असा माझा अंदाज. डॉक्टर पेशंटला विचारतो, कुठे दुखतं, कधीपासून, किती. स्वतःचं दुःख सांगत बसत नाही.

'गर्द'ची हकिगत तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल, म्हणून थोडक्यात. ऐंशीच्या दशकात ब्राऊन शुगरनं मुंबई-पुण्यातली पोरं बरबाद होत होती. अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी ती वाचली, अस्वस्थ झाले, आणि व्यसनमुक्ती केंद्र काढा, आम्ही पैसे देतो, म्हणाले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झालं. सुनंदाबाईंनी ते उभं केलं, आज मुलगी मुक्ता ते सांभाळते. एका लेखमालेतून हजारो माणसांचे प्राण वाचवणारी संस्था उभी राहावी, असं भाग्य फार थोड्या लेखकांच्या वाट्याला येतं.

यावर माझी एक तक्रार आहे, आणि ती इथे मांडली तर अवचटांचे चाहते रागावतील. मुक्तांगणनंतर मराठी वाचकानं असं ठरवून टाकलं की वृत्तांत लिहायचा तर त्यातून संस्था निघाली पाहिजे. नाहीतर नुसतं लिहून काय उपयोग? आज कुणी तरुण मुलगी ऊसतोड बायकांवर वीस पानं लिहून आणते, तर पहिला प्रश्न विचारला जातो : मग तुम्ही त्यांच्यासाठी काय करता? अहो, ती लिहिते. तेच तिचं काम. निपाणीच्या बायकांवर लिहून झाल्यावर अवचटांनी तिथे संघटना काढली नाही. हमालांसाठी बाबा आढावांची हमाल पंचायत होतीच. लिहिणाऱ्यानं नीट लिहिलं, एवढ्यावर त्याला सोडायला आपण तयार नाही, आणि त्यामुळे लिहिणारे कमी होत गेले.

दुसरी तक्रार खुद्द अवचटांविषयी. त्यांच्या वृत्तांतांतून तारखा, गावांचे तपशील, कागदपत्रं अनेकदा गळून जातात. वाचताना चटका बसतो, पण वीस वर्षांनी कुणा अभ्यासकाला तो धागा धरून पुढे जायचं तर हाताला फार काही लागत नाही. व्यवस्थेचा मालक कोण, मजुरीतला उरलेला पैसा शेवटी कुणाच्या खिशात जातो, तिथपर्यंतही ते क्वचितच गेले. समोरच्या माणसाशी त्यांचं नातं इतकं सच्चं की त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाकडे बघायला त्यांना सवड राहिली नाही. आणि उत्तरायुष्यात झाडं, पक्षी, छंद, स्वतःचं शरीर यांच्याकडे ते वळले. कुतूहल तेच होतं, भाषाही तीच, पण जुन्या लेखनातला दाब गेला होता. 'धागे आडवे उभे'चा लेखक मला त्या नंतरच्या पुस्तकांत फारसा भेटत नाही. ते अमेरिकेलाही जाऊन आले आणि 'अमेरिका' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांची निपाणी मला त्या अमेरिकेहून मोठी वाटते.

आता परभणी.

आपल्या जिल्ह्यात लिहिणारे कमी झाले असं कुणी म्हणणार नाही. सातोन्यात १९१३ साली जन्मलेले बी. रघुनाथ निजामी राजवटीत बांधकाम खात्यात नोकरी करत होते आणि त्याच नोकरीच्या पोटातून त्यांनी त्या राजवटीतलं कारकुनी जगणं, लाचारी, युद्धकाळातली महागाई असं सगळं कथा-कादंबऱ्यांत आणलं. चाळिसाव्या वर्षी, १९५३ साली, याच शहरात ते गेले. आजचे आसाराम लोमटे सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे. त्यांनी वर्षानुवर्षं परभणीतून 'लोकसत्ता'साठी वार्तांकन केलं, आणि त्यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'धूळपेर'मधले त्यांचे लेख वाचा. इथल्या खेड्यातलं बदलतं राजकारण, शेतीतला ताण, हरवत चाललेल्या गोष्टी, हे सगळं तिथे आहे.

पण बघा, दोघांचंही मोठं काम कथेत गेलं. एक सरकारी नोकर, एक जिल्हा वार्ताहर. दोघांच्याही हाताशी साक्षात माहिती होती, आणि दोघांनीही तिच्यातून गोष्ट रचली. ही निव्वळ आवड असेल असं मला वाटत नाही. मघाशी रेणू आणि अवचटांचा फरक सांगितला तो इथे उपयोगी पडतो. अवचट निपाणीहून रात्रीची एसटी पकडून पुण्याला जाऊ शकत होते. वखारीच्या मालकाची गाठ त्यांना दुसऱ्या दिवशी मंडईत पडणार नव्हती. परभणीत राहून परभणीच्या मोंढ्यावर लिहिणाऱ्याला मात्र त्याच आडत्याच्या शेजारी घर असतं, त्याच्या पोराच्या लग्नाचं आवतण असतं, आणि बहीण त्याच्या गावात दिलेली असते. ब्राह्मणगावात १९७२ साली काय झालं, कोण उभं होतं, कोण गप्प बसलं, हे नावानिशी लिहायला त्या पंचक्रोशीतला माणूस धजावणं सोपं नव्हतं. कथेत नावं बदलता येतात, गाव बदलता येतं. कथा ही आपल्याकडे ढालीसारखी वापरली गेली. वाङ्मय म्हणून आपला फायदाच झाला. पण जिल्ह्याची नोंद अपुरी राहिली. ब्राह्मणगाव आपल्याला एका वाक्यात माहीत आहे, आणि ते वाक्यसुद्धा मुंबईच्या माणसानं पुण्याच्या साप्ताहिकात लिहिलेलं.

बाहेरचा माणूस येतो आणि जातो. डिसेंबर २०२४मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दगडफेक झाली, धरपकड झाली, आणि न्यायालयीन कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. त्या दिवसांत देशभरचे कॅमेरे आपल्या स्टेशन रोडवर होते. मोठमोठे नेते येऊन गेले. काही दिवसांत सगळे गेले. त्यानंतर त्या वस्त्यांमधून किती पोरांची परीक्षा बुडाली, कुणाचा धंदा बसला, कोर्टाच्या तारखांना कोण जातं, वकिलाचे पैसे कुठून येतात, शेजारच्या दुकानदाराशी बोलणं पुन्हा सुरू झालं का, हे अवचटांचे प्रश्न आहेत. ते विचारायला पुण्याहून कुणी येणार नाही. ते इथल्यानंच विचारायला हवेत.

ऊसतोडीचंही तसंच. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी २०१९ साली सगळीकडे गाजली. आपल्या गंगाखेड, पालम, सोनपेठकडूनही दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, पाच-सहा महिने फडावर काढायचे, उचल फिटली तर परत यायचं, नाही फिटली तर पुढच्या हंगामाला तीच अंगावर घेऊन जायचं. हे सर्वांना माहीत आहे. पण एका कोयत्याचं एक संपूर्ण वर्ष, उचलीच्या दिवसापासून पाडव्यापर्यंत, त्यांच्या हिशेबाच्या वहीसकट, कुणी लिहिलंय का? सेलूच्या जिनिंगमध्ये सरकीच्या तुसांत श्वास घेणाऱ्या माणसांवर कुणी बसून लिहिलंय का? किलोवर कापूस वेचणाऱ्या बायकांच्या बोटांवर? वेचणीला माणूस मिळत नाही म्हणून शेतकरी कपाळाला हात लावतो, आणि वेचणारीची मजुरी मात्र त्याला जास्त वाटते. या दोघांमधलं भांडण लिहायला एजीसारखा एक माणूस इथे बसायला हवा. आपल्या कृषी विद्यापीठानं 'परभणी क्रांती' नावाची भेंडी दिली, ती देशभर गेली. ती भेंडी तोडणाऱ्या हातांना खाज सुटते, हे अजून कुणी छापलेलं मी वाचलेलं नाही.

कुणी म्हणेल, आता मोबाइल आहे, जो तो लिहितो, व्हिडिओ काढतो. खरं आहे, आणि त्यातून पुष्कळ चांगलंही झालं. पण महिनाभर एकाच घरी जात राहणं हे मोबाइलनं सोपं केलेलं नाही. पहिल्या दिवशी माणूस तेच सांगतो जे तो सगळ्यांना सांगतो. चौथ्या-पाचव्या खेपेला तो म्हणतो, आता खरं सांगू का? अवचटांचं सगळं लेखन त्या वाक्यानंतर सुरू होतं. तिथे पोचायला एसटीचं भाडं लागतं, बुडालेला रोज लागतो, आणि लिहून झाल्यावर वीस पानं छापणारा संपादक लागतो. यातलं एकही फुकट मिळत नाही.

'माणूस' बंद पडून चार दशकं होत आली. 'साधना' चालू आहे. दिवाळी अंक निघतात, पण लांब वृत्तांताला जागा देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. मराठवाड्यात तर लांब वृत्तांत छापणारं नियमित नियतकालिक मला दिसत नाही. आणि महारिज ज्या रागाला भेटला तो रागही विसरून चालणार नाही. ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांना ते छापण्याआधी वाचून दाखवायला हवं. नाव छापायचं की नाही हे त्यांना विचारायला हवं. गावातच राहणाऱ्या लेखकाला हे टाळता येत नाही, कारण ते लोक त्याला उद्या चावडीवर भेटणारच आहेत. बाहेरून येणाऱ्या लेखकावर हा धाक नसतो. म्हणून इथल्या माणसानं लिहिलेलं जास्त काळ टिकेल, असा माझा विश्वास आहे. तो लिहायला तयार झाला तर.

म्हणून आयोजकांना एक विनंती, आणि ती त्यांना फारशी आवडणार नाही याची कल्पना आहे. ही व्याख्यानमाला दरवर्षी चार वक्ते बोलावते. त्यांचा प्रवास, मुक्काम, मानधन, हार-तुरे, मांडव, यावर जो खर्च होतो तो मला आज दुपारी कोषाध्यक्षांनी सांगितला. पुढच्या वर्षी एक वक्ता कमी करा. लागलं तर मलाच वगळा. तो पैसा या जिल्ह्यातल्या एका तरुण मुलाला किंवा मुलीला सहा महिन्यांचं भाडं आणि रोज म्हणून द्या. अट एकच : एक गाव, एक टोळी, एक जिनिंग किंवा एक वस्ती निवडायची, तिथे जात राहायचं, आणि किमान पन्नास पानं लिहायची. त्याचं पुस्तक तुम्हीच छापा, आणि चौथं व्याख्यान म्हणून त्यातली काही पानं त्या मुलाकडूनच या व्यासपीठावर वाचून घ्या. अर्ज कुणाकडे करायचा आणि कधीपर्यंत, हे कार्यवाहांनी आजच, आभारप्रदर्शनाच्या वेळी जाहीर करावं.